‘ब्राउन साउंड’ नेमका कुणाचा?

हल्ली सॉफ्टवेअरने गाण्यातलं एकेक वाद्य वेगळं काढता येतं. एका रात्री मी हा खेळ व्हॅन हेलन या अमेरिकन रॉक बँडच्या ‘अनचेन्ड’ या गाण्यावर करून पाहिला. ड्रम्स काढले, बास काढला, गायक डेव्हिड ली रॉथची बडबड काढली, मधेच ‘पुरे आता’ अशा सुरात बोलणारा निर्माता टेड टेम्पलमनही काढला. उरली एडी व्हॅन हेलनची गिटार. पहिली आठ-दहा सेकंदं ऐकून मनात आलं, एवढीच?

आवाज वाईट नव्हता. पण इतकी वर्षं डोक्यात जो होता, त्याहून तो पातळ निघाला. डिस्टॉर्शन वाटलं होतं त्याच्या निम्मंच असावं. रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, सुरू होतो, त्यातल्या ठरावीक जागी एडी पायाने फ्लँजर हे आवाज घुसळणारं पेडल चालू करतो, ‘सुर्र’ असा एक झोत येऊन जातो, तो लगेच फ्लँजर बंद करतो. हे सगळं आता सुटं सुटं ऐकू येत होतं. पण दोन फटक्यांच्या मधे रिकामी जागा होती, नुसती शांतता. मूळ गाण्यात ती शांतता कधी जाणवलीच नव्हती, कारण तिथे एडीचा भाऊ अ‍ॅलेक्सचा ड्रम असतो. ड्रम्स परत आणले आणि गिटार एकदम दुप्पट जाड झाली. गिटारच्या ट्रॅकला मी हातही लावला नव्हता.

हे सांगायचं कारण असं की एडीचा आवाज गिटार-अँपमधून येतो की बोटांतून, गायक कुठला चांगला, ही त्याच्या चाहत्यांची भांडणं मी बरीच वर्षं ऐकतो आहे, त्यांत मन लावून भागही घेतो आहे, आणि आता मला वाटतं की ती जवळजवळ सगळी चुकीच्या पायावर उभी आहेत. आपण सगळे गिटार बाजूला काढून तिचं मोजमाप करत बसलो आहोत. या माणसाची गिटार बाजूला काढता येत नाही. ती दोन भावांनी मिळून वाजवलेली गोष्ट आहे, आणि त्यातल्या एका भावाचं नाव वादात कधी निघतच नाही.

‘ब्राउन साउंड’ या शब्दाचंच घ्या. एडीच्या टोनचं हे नाव जगभर झालं. अँपवाले ते वापरतात, पेडलवाले वापरतात, शिकवणारे वापरतात. पण एडीने स्वतः पुढे सांगितलं होतं की हा शब्द मुळात अ‍ॅलेक्सच्या स्नेअर ड्रमसाठी होता. ओंडक्यावर काठी मारल्यासारखा गरम, लाकडी आवाज. गिटारने त्या आवाजाशी जुळावं, ही खटपट नंतरची. म्हणजे चाळीसेक वर्षं लोक ज्या गिटारच्या आवाजामागे धावले, त्याचं नाव शेजारच्या ड्रमवरून उचललेलं होतं.

आणि धावले तरी कसे! एडीच्या ‘फ्रँकेनस्टाइन’ गिटारची कथा सगळ्यांना पाठ असते. कारखान्यात थोडी चूक राहिलेली म्हणून स्वस्तात मिळालेली बॉडी 50 डॉलरला, नेक 80 डॉलरला, जुन्या गिब्सन गिटारमधून काढलेला पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेत उतरवणारा भाग. तो शिट्टी मारू नये म्हणून मेणात बुडवलेला. वर चिकटपट्ट्या लावून मारलेला रंग. 2007 साली याच गिटारच्या 300 हुबेहूब प्रती निघाल्या, किंमत प्रत्येकी 25,000 डॉलर. हुबेहूब म्हणजे किती, तर मूळ गिटारवर पुलाखाली, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या भागाखाली, टेकू म्हणून 1971 चं एक नाणं ठोकलेलं आहे, ते नाणंसुद्धा. सिगारेटचे डागसुद्धा.

आता गंमत पाहा. ज्या आवाजासाठी हा सगळा खटाटोप, तो 1978 च्या पहिल्या अल्बममधला, 1977 साली रेकॉर्ड झालेला. तेव्हा या गिटारवर लाल रंग नव्हता, ती काळी-पांढरी होती. तो फ्लॉइड रोज पूलही नव्हता, त्यामुळे त्याखाली नाणं असण्याचा प्रश्नच नव्हता. वर आणखी एक. त्या अल्बमची बरीचशी गाणी, म्हणजे ज्यांत व्हॅमी बारचं, तारा सैल-ताठ करणाऱ्या दांडीचं, काम नाही अशी, एडीने ‘आयबनेझ डिस्ट्रॉयर’ या अगदी निराळ्या गिटारवर वाजवलेली आहेत. पुढे त्याने त्याच डिस्ट्रॉयरला करवत लावून तिचा एक तुकडा उडवला आणि ती बिघडवली, ते वेगळं. मुद्दा हा की कुठलं गाणं कुठल्या गिटारवर, हे कुणी न सांगता ओळखून दाखवणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

अँपच्या बाबतीत तर एडीने लोकांना सरळ चकवलं. त्याचा अँप 100 वॉटचा मार्शल. सगळी बटणं शेवटापर्यंत फिरवल्याशिवाय त्याला हवा तो आवाज यायचा नाही, आणि फिरवली की कान फाटायचे. म्हणून तो व्हॅरिअ‍ॅक लावून अँपला मिळणारा दाब 90 व्होल्टच्या आसपास उतरवायचा. अमेरिकेत भिंतीतून 110-120 येतो. अँप स्वतःच्या मते पूर्ण ताकदीने ओरडत असायचा, पण कमी जेवलेल्या माणसासारखा. सुरुवातीच्या मुलाखतींमध्ये मात्र एडीने उलटं सांगितलं: मी दाब वाढवतो, 140 व्होल्टपर्यंत नेतो. वाचणाऱ्या पोरांनी ते केलं आणि अँप जाळून घेतले. त्याने खरं काय ते सांगेपर्यंत बरीच वर्षं गेली. या थापेबद्दल त्याला माफ करावं का, हा मला छोटा प्रश्न वाटत नाही. स्वतःच्या कमाईतून घेतलेला अँप जळणं हे एखाद्या सतरा वर्षांच्या मुलासाठी साधं नुकसान नसतं. पण या प्रकरणात जी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही ती अशी: ज्यांनी पुढे खरा आकडा वापरून अँप 90 व्होल्टवर चालवला, त्यांचाही आवाज एडीसारखा झाला नाही.

इथे दुसरा पक्ष उभा राहतो. त्यांचं म्हणणं, टोन बोटांत असतो. त्यांचा हुकमी पुरावा म्हणजे रॉक गिटारिस्ट टेड न्यूजंट वर्षानुवर्षं सांगत आलेला किस्सा: एडीच्या गैरहजेरीत त्याने एडीचीच गिटार आणि एडीचाच अँप घेऊन वाजवलं, आणि आवाज आला न्यूजंटसारखाच. किस्सा छान आहे. पण त्यातून एवढंच कळतं की टोन यंत्रात नाही. तो बोटांत आहे, हे कुठे सिद्ध झालं? ‘बोटांत असतो’ म्हटलं की चर्चा संपवता येते, म्हणून लोकांना ते आवडतं. बोटं करतात काय, हे विचारायचंच राहून जातं.

निदान एक गोष्ट ती बोटं गिटार वाजवण्याआधी करत होती, तीही खुंटीवर. एडी आपली बी तार थोडी उतरवून लावायचा. ट्यूनरवर बघितलं तर बेसूर. याचं कारण नीट पाहण्यासारखं आहे. गिटारचे पडदे अष्टकाचे बारा समान भाग करून बसवलेले असतात. त्यात मेजर थर्ड, आपला शुद्ध गंधार, 400 सेंटवर पडतो (सेंट म्हणजे अष्टकाचा 1200 वा भाग). निसर्गतः जुळणारा गंधार 386 वर असतो. म्हणजे गिटारचा गंधार सुमारे 14 सेंट चढा. हार्मोनियमच्या गंधाराबद्दल गवयांची जी जुनी तक्रार आहे, तीच ही. साध्या गिटारवर हे खपून जातं. पण अँप फाटेपर्यंत वाढवला की दोन स्वर नुसते शेजारी बसत नाहीत, त्यांच्यातल्या फरकाचा तिसरा स्वर खाली तयार होतो. षड्ज आणि गंधार 4 ला 5 या प्रमाणात असतील, तर हा फरकाचा स्वर बरोबर षड्जाच्या दोन अष्टकं खाली पडतो, जणू कुणी बास वाजवून आधार दिला. पण गंधार ते 14 सेंट चढा असेल, तर तळातला हा स्वर सुमारे 67 सेंट चढतो. वरची चूक खाली जाऊन जवळजवळ पाचपट होते. मोठ्या आवाजात पूर्ण मेजर कॉर्ड, म्हणजे षड्ज-गंधार-पंचम एकत्र, वाजवला की गढूळ गुरगुर येते ती यामुळे, आणि म्हणूनच बहुतेक रॉक गिटारिस्ट गंधार गाळून नुसते षड्ज-पंचम वाजवतात. एडीने गंधार ठेवला आणि तार उतरवली. गंधार त्या तारेवर येणाऱ्या कॉर्डमध्ये तळ स्वच्छ राहिला.

मी हे माझ्या गिटारवर करून पाहिलं आहे. मी बेताचाच वाजवतो, पण ‘ए’चा कॉर्ड त्या रात्री पहिल्यांदा हसल्यासारखा वाटला. लगेच दुसरा कॉर्ड लावला तर तो बेसूर. म्हणजे ही युक्ती फुकट मिळत नाही. कुठला कॉर्ड कुठे येणार, कुठल्या तारेला बोटाने किंचित ओढून सावरायचं, याचा हिशोब सतत डोक्यात चालू ठेवावा लागतो. आणि हा सगळा उद्योग सोलोसाठी नाही, कॉर्डसाठी आहे, गाण्याच्या त्या साडेतीन मिनिटांसाठी, ज्यांच्याबद्दल भांडणात कुणी बोलत नाही. तळ स्वच्छ राहिला की तिथे जागा होते. ती जागा कोण भरतो, हे वर सांगितलंच आहे.

एडी आधी ड्रम वाजवायचा, ही गोष्ट चाहत्यांना ठाऊक असते, पण एक मजेदार माहिती म्हणून. ड्रम एडीचा, गिटार अ‍ॅलेक्सची. ड्रमचे हप्ते फेडायला एडी पेपर टाकायला जायचा, तेवढ्यात थोरला अ‍ॅलेक्स त्या ड्रमवर बसायचा, आणि पाहता पाहता त्याच्याहून चांगला वाजवायला लागला. एडीने चिडून गिटार उचलली. वडील यान हे क्लॅरिनेट-सॅक्सोफोन वाजवणारे, जॅझच्या वळणाचे. 1982 च्या ‘डायव्हर डाउन’मध्ये एका गाण्यावर त्यांची क्लॅरिनेट ऐकायलाही मिळते. त्या घरात ताल सरळ चालत नव्हता, झुलत चालायचा. ‘आय’म द वन’ किंवा ‘हॉट फॉर टीचर’ ऐका. ‘हॉट फॉर टीचर’ला सुरुवातीला एकटा अ‍ॅलेक्स आहे, दोन्ही पायांनी बास ड्रम घुमवत, एखादी मोठी मोटार उभ्या जागी गुरगुरावी तसा. मग एडी टॅपिंग करत, म्हणजे दोन्ही हातांची बोटं गिटारच्या गळ्यावरच्या तारांवर आपटत, येतो. त्या टॅपिंगमधले स्वर सुटे काढून लिहिले तर ते काही फार थोर नाहीत. ते थोर होतात ते अ‍ॅलेक्सच्या झुलण्यावर बसलेले असल्यामुळे.

‘मीन स्ट्रीट’ची सुरुवात तर याहून उघड आहे. एडी तिथे तारा छेडत नाही, मारतो. अंगठ्याने, बोटांनी, पडद्यांवर थापा देत, मधे हार्मोनिक्सचे खिळे ठोकत. लोक त्याला टॅपिंगचा नमुना म्हणतात. मला तो गिटारवर बसलेला ड्रमर दिसतो. हे गाणं 1981 च्या ‘फेअर वॉर्निंग’मधलं, ‘अनचेन्ड’ही त्यातलंच, आणि रॉथच्या काळातला हा सगळ्यात कमी खपलेला अल्बम. आज जुने चाहते त्याला डोक्यावर घेतात. मीही घेतो.

यावर हमखास येणारा आक्षेप पहिल्या अल्बममधल्या ‘इरप्शन’ या गिटारच्या तुकड्याचा. एक मिनिट 42 सेकंद, एकटा एडी, तिथे कुठे आहे भाऊ? आहे. सुरुवातीचे दणके बँडचे आहेत, अ‍ॅलेक्स आणि बासवाला मायकेल अँथनी दोघेही त्यात आहेत. तो तुकडा अल्बमसाठी ठरवलेलाही नव्हता. एडी क्लबमधल्या कार्यक्रमाची तयारी करत होता, टेम्पलमनच्या कानावर पडलं, आणि ध्वनिमुद्रक डॉन लँडीने टेप चालू केली. त्यात एक चूक राहिली आहे, असं एडी शेवटपर्यंत म्हणत राहिला. आणि अल्बमवर ‘इरप्शन’ थेट पुढच्या गाण्याच्या तोंडाशी जाऊन थांबतं. तो उंबरठा आहे. आपण उंबरठ्यावर उभं राहून टाळ्या वाजवतो आणि घरात जातच नाही.

‘बीट इट’चा आक्षेप जास्त खरा आहे. 1982, मायकेल जॅक्सन, आणि जगातल्या अनेकांना माहीत असलेला एडी तेवढाच: अर्ध्या मिनिटाचा सोलो. ड्रमवर जेफ पोर्कारो, गाण्यातले बाकीचे रिफ स्टीव्ह लुकाथरचे. सोलो भन्नाट आहे, वाद नाही. तरी मला तो दिवाणखान्यात एकदम फटाका लावावा तसा वाटतो. येतो, जातो, खोली तशीच राहते. 1983 मध्ये क्वीनच्या ब्रायन मेबरोबर दोन दिवस स्टुडिओत वाजवलेलं ‘स्टार फ्लीट प्रोजेक्ट’ ऐकलं की हे आणखी पटतं. तिथेही ड्रमर दुसरा होता. एडी मोकळा, खुशीत, पाहुण्यासारखा नम्र. सुंदर वाजवतो. पण ‘अनचेन्ड’मधला तो धोका तिथे नाही.

मग तो जगप्रसिद्ध तंटा: रॉथ की त्याच्या जागी आलेला गायक सॅमी हेगर? रॉथबरोबर 1978 ते 1984 सहा अल्बम. हेगरबरोबर 1986 ते 1995 चार, आणि चारही अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. रॉथच्या काळात तो मान एकदाही नाही. ‘1984’ दुसऱ्यावर अडला, कारण वर जॅक्सनचा ‘थ्रिलर’ ठाण मांडून होता, ज्यात ‘बीट इट’ आहे आणि ‘बीट इट’मध्ये एडी. हे सांगितलं की हेगरवाले खूश होतात. रॉथवाले म्हणतात, खप म्हणजे दर्जा नव्हे. खरं आहे, पण तेच लोक पहिला अल्बम आणि ‘1984’ प्रत्येकी एक कोटीच्या वर गेल्याचं लगेच ऐकवतात.

मी रॉथच्या बाजूचा, हे लपवत नाही. फक्त कारण आता बदललं आहे. 1986 चा ‘5150’ लावा आणि गायकाकडे दुर्लक्ष करा. काय बदललंय? अ‍ॅलेक्सने इलेक्ट्रॉनिक ड्रम्स घेतले आहेत. तो लाकडी ओंडका गेला, त्या जागी पसरट ‘ढुश्श’ आलं. आणि एडीची गिटार, जी पहिल्या अल्बममध्ये कोरडी, डावीकडे उभी असायची आणि उजवीकडून फक्त तिचा प्रतिध्वनी यायचा, ती आता हार्मोनायझर या आवाजाची जोड-प्रत करणाऱ्या यंत्राने दोन्ही बाजूंना सारवल्यासारखी पसरली आहे. पूर्वी डावा स्पीकर बिघडला तर एडी गायब व्हायचा, इतका तो एका जागी असायचा. एका जागी असलेल्या माणसाशी दुसऱ्याला बोलता येतं. सगळीकडे पसरलेल्याशी काय बोलणार? गायक बदलला म्हणून आवाज बदलला असं आपण समजतो, कारण गायक दिसतो. माझ्या कानाला तरी मोठा बदल दोन भावांच्या मधल्या अंतरात झालेला ऐकू येतो. 1991 च्या ‘पाउंडकेक’मध्ये अ‍ॅलेक्सचे खरे ड्रम पुन्हा खणखणतात, आणि बघा, गिटारही परत जाड होते. गायक हेगरच आहे. (तिथली ड्रिल मशीनची करामत मला आजही पोरकट वाटते, पण ते माझं वैयक्तिक मत.)

ऐंशीच्या दशकात एडीची नक्कल करणारे शेकड्यांनी निघाले. वेग आला, टॅपिंग आलं, पट्ट्यापट्ट्यांच्या गिटारी आल्या. झुलणं कुणाला आलं नाही. त्यांना भाऊ नव्हता, असं म्हटलं तर ते हसण्यावारी नेऊ नये. रोज त्याच खोलीत, लहानपणापासून त्याच ड्रमसमोर वाजवणं ही गोष्ट विकत घेता येत नाही, म्हणून तिची जाहिरात होत नाही, आणि जाहिरात होत नाही म्हणून ती वादातही येत नाही. 2019 मध्ये न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फ्रँकेनस्टाइन प्रदर्शनात मांडली. योग्यच केलं. फक्त माझ्या मनात आलं, शेजारी एक स्नेअर ड्रम ठेवायला हवा होता.

एडी 6 ऑक्टोबर 2020 ला गेला आणि बँड तिथेच थांबला. त्याच्याजागी कुणी बसवून तो पुढे चालवला गेला नाही. गायक तीन झाले, 2007 मध्ये अँथनीच्या जागी एडीचा सोळा वर्षांचा मुलगा वुल्फगँग बासवर आला, पण दोन भावांच्या या दोन जागा कधीच बदलल्या नव्हत्या.

त्या रात्री शेवटी मी ‘आय’म द वन’ घेतलं आणि उलटा प्रयोग केला. गिटार काढून टाकली, फक्त ड्रम्स ठेवले. पहिल्या अल्बमच्या वेळी बँड बहुतेक एकत्रच वाजवून रेकॉर्ड करत असे. ती गिटार काही पूर्ण जाईना. प्रत्येक स्नेअरच्या मागे, अगदी बारीक, ती खरखरत राहिली. मी दोनदा पुन्हा करून पाहिलं, मग सॉफ्टवेअर बंद केलं आणि गाणं आख्खं लावलं.